पत्ता काशी, गिऱ्हाईक सगळीकडे

सल्लागाराचं काम कुठूनही करता येतं, हे आपण हल्ली इतक्या वेळा ऐकतो की ते कालपरवाच खरं झालं असावं असं वाटायला लागतं. नेट बरं असलं की दापोलीत बसलेला माणूस दुबईतल्या कंपनीला हिशेबाचा, कायद्याचा, संगणकाचा सल्ला देतो आणि पैसे खात्यात जमा होतात. साधनं नवी आहेत, यात शंका नाही. पण अनोळखी माणसानं लांबून प्रश्न पाठवावा, आपण बसल्या जागेवरून उत्तर द्यावं आणि त्यावर आपलं घर चालावं, हा पेशा मराठी मुलखातून निघालेल्या काही घराण्यांनी चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी चांगला बसवला होता. आज आपण त्या घराण्यांकडे बघणार आहोत. इतिहासात त्यांना काशीचे दक्षिणी पंडित म्हणतात.

आपल्याला हे लोक सहसा एकाच प्रसंगातून माहीत असतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, आणि त्यासाठी काशीहून आलेले गागाभट्ट. शाळेच्या पुस्तकात गागाभट्ट जणू आकाशातून उतरतात, विधी करतात आणि निघून जातात. ते कोण होते, काशीत राहून त्यांचं पोट कशावर चालत होतं, आणि रायगडाला काशीचाच माणूस का लागला, हे आपण विचारत नाही. हे प्रश्न विचारले की एक आख्खा व्यवसाय दिसायला लागतो.

आधी या सल्ल्याचं स्वरूप बघू. धर्मशास्त्र म्हटलं की आपल्यासमोर पूजाअर्चा येते. त्या काळी त्याचा पसारा फार मोठा होता. मूल नसताना नवरा वारला तर मालमत्ता कोणाची? दत्तक कोणाला घेता येतं, आणि विधवेला घेता येतं का? एकादशी आज धरायची की उद्या? सक्तीनं धर्म बदललेला माणूस परत आला तर त्याला कसं घ्यायचं? अमुक जातीच्या माणसाबरोबर पंगतीला बसायचं की नाही? आजच्या भाषेत सांगायचं तर यात वारसा कायदा आला, पंचांग आलं, जातीचा दाखला आला आणि वादात मध्यस्थीही आली. हे प्रश्न ज्याच्या घरात उभे राहत, त्याची जमीन, त्याची लग्नं, त्याचं गावातलं उठणं-बसणं त्या उत्तरावर अवलंबून असे.

असे प्रश्न गावाबाहेर पाठवायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. ज्ञानेश्वरांच्या चरित्रपरंपरेतली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संन्याशाची मुलं म्हणून वाळीत पडलेल्या चार भावंडांना आळंदीच्या लोकांनी सांगितलं, पैठणला जा आणि तिथल्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणा. रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याचा चमत्कार आपल्याला लगेच आठवतो. आज आपल्याला त्यातला कागद महत्त्वाचा आहे. आळंदीच्या लोकांना उत्तर माहीत नव्हतं असं नव्हे. उत्तराची जबाबदारी त्यांना नको होती. ती त्यांनी गोदाकाठच्या, वजन असलेल्या एका सभेवर टाकली. सल्लागाराला पैसे मिळतात ते नुसत्या ज्ञानाचे असतात असं आपण समजतो. पुष्कळदा ते ही जबाबदारी उचलण्याचे असतात.

म्हणजे पैठण हे आधीपासूनच अशा कामाचं ठाणं होतं. याच पैठणातून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रामेश्वरभट्ट नावाचे एक विश्वामित्रगोत्री विद्वान बाहेर पडले. त्यांच्या नातवानं, शंकरभट्टांनी, घराण्याचा इतिहास संस्कृतात लिहून ठेवला आहे. १९१२ साली हरप्रसाद शास्त्रींनी त्यावरून इंग्रजीत लेख लिहिला आणि काशीच्या दक्षिणी पंडितांची ही कहाणी अभ्यासकांपुढे आली. रामेश्वरभट्ट दक्षिणेत फिरले, द्वारकेला गेले आणि १५२२ च्या सुमाराला कुटुंबासह काशीत येऊन राहिले. बरोबर नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. नारायण त्याचं नाव, जन्म १५१३ चा.

काशीच का? बहमनी सत्ता मोडत होती, दक्षिणेत धामधूम होती, हे एक कारण आपण देऊ शकतो. पण धंद्याच्या दृष्टीनं बघितलं तर काशीचं एक वैशिष्ट्य होतं. तिथे गिऱ्हाईक पायांनी चालत येत असे. दरवर्षी सगळ्या प्रांतांतून यात्रेकरू, राजांचे कारभारी, सावकार, विधवा, श्राद्ध करायला आलेले मुलगे तिथे पोचत. पैठणात बसलेल्या पंडिताला दख्खन कळत होता. काशीत बसलेल्या पंडिताकडे सगळा हिंदुस्थान येत होता. आणि परत जाताना तो पंडिताचं नाव घेऊन जात होता.

नारायणभट्टांनी ही जागा ओळखली. त्यांचा गाजलेला ग्रंथ म्हणजे ‘त्रिस्थलीसेतु’, प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्रेचं शास्त्र. कुठे काय करायचं, कोणत्या क्रमानं, चुकलं तर काय. यात एक मुद्दा असा आहे की तो वाचताना आपल्याला या माणसाच्या डोक्याची जात कळते. विश्वेश्वराचं लिंग राज्यकर्त्यांमुळे जागेवर नसेल, किंवा जुन्याच्या ठिकाणी दुसरं बसवलेलं असेल, तर यात्रेकरूनं काय करावं? नारायणभट्ट म्हणतात, त्या स्थानी जे असेल त्याची पूजा करावी. काहीच नसलं तर स्थानाला प्रदक्षिणा आणि नमस्कार करावा, यात्रा घडते. महिना-दोन महिने पायपीट करून आलेल्या माणसाला हे उत्तर केवढं मोलाचं असेल! शास्त्राचा आधार तर आहेच, पण समोरच्याचं काम अडू द्यायचं नाही हेही त्यात आहे. पुढे विश्वेश्वराचं देऊळ १५८५ च्या आसपास पुन्हा उभं राहिलं, त्यात अकबराचा दिवाण तोडरमल आणि नारायणभट्ट या दोघांचीही नावं घेतली जातात. तोडरमलाच्या घरच्या श्राद्धाला जमलेल्या सभेत गौड आणि मैथिल पंडितांना नारायणभट्टांनी वादात हरवल्याचं घराण्याच्या इतिहासात अभिमानानं लिहिलं आहे. घरच्याच माणसानं लिहिलेला इतिहास आहे, तेव्हा थोडं मीठ घालून वाचायचा. काशीच्या सभांमध्ये अग्रपूजेचा मान या घराण्याकडे गेला, आणि तो पुढे पिढ्यान् पिढ्या राहिला.

आता हा व्यवसाय प्रत्यक्ष कसा चाले, इकडे वळू. जाहिरात नव्हती. होते ते विद्यार्थी. नारायणभट्टांकडे दक्षिणेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचे विद्यार्थी शिकले, असं त्यांचा मुलगा लिहितो. हे विद्यार्थी आपापल्या मुलखात परतले, कोणी राजाकडे राहिले, कोणी क्षेत्रात उपाध्ये झाले. त्यांच्यापुढे अवघड प्रश्न आला की ते कोणाचं नाव सुचवणार? आपल्या गुरूचं. प्रश्न लिहिलेला कागद यात्रेकरूंबरोबर, गंगेच्या कावडी वाहणाऱ्यांबरोबर, सरकारी जासुदांबरोबर जाई. दक्षिणा रोख नेण्याऐवजी सावकाराच्या हुंडीनं पोचवता येई. उत्तर यायला काही महिने लागत, आणि बहुतेक वेळा तेवढे थांबणं पक्षकारांना परवडत असे. कारण उत्तर काशीचं होतं.

या कागदाला व्यवस्थापत्र किंवा निर्णयपत्र म्हणत. सुरुवातीला प्रश्न, मग वचनांचा आधार, मग निर्णय, आणि खाली सह्या. एका पंडिताच्या सहीला वजन होतंच, पण मोठ्या वादात सभा भरे आणि पुष्कळांची संमती घेतली जाई. याचा एक ठसठशीत नमुना आपल्यापुढे आहे. कोकणातल्या देवरुखे ब्राह्मणांबरोबर इतर ब्राह्मणांनी पंक्तिव्यवहार ठेवायचा की नाही, असा वाद होता. तो वाद कोकणातला, भांडणारी घरं बरीचशी मराठी, आणि निर्णय झाला तो १६५७ साली काशीत, विश्वेश्वराच्या देवळातल्या मुक्तिमंडपात. निर्णयपत्रावर सत्तरांहून अधिक पंडितांची आणि संन्याशांची नावं आहेत. त्यांत गागाभट्टही आहेत. सगळे मराठी नव्हते. द्रविड, कर्नाटकी, इतर प्रांतांतलेही होते. इथेच खरी गंमत आहे. कोकणातल्या चितपावनानं किंवा कऱ्हाड्यानं दिलेला निर्णय देवरुख्यांनी मानला नसता, आणि उलटही. मंडपात बसलेल्या द्रविड संन्याशाला मात्र कोकणातल्या पंगतीचं काही देणं-घेणं नव्हतं. अंतर हाच त्याच्या सल्ल्याचा भाव होता.

निर्णय देवरुख्यांच्या बाजूनं झाला. म्हणून कोकणातला वाद लगेच मिटला का? नाही मिटला. पुढेही अनेक वर्षं तो धुमसत राहिला. काशीच्या कागदाला वजन होतं, पण पंगतीत शेजारी कोण बसेल हे शेवटी गावच ठरवत होतं. सल्लागार लांबचा असला की त्याच्या निर्णयाची अंमलबजावणी त्याच्या हातात राहत नाही, हे या पेशाचं जुनं दुखणं आहे.

आणखीही एक गोष्ट आपण इथे स्पष्ट बोललं पाहिजे. या सभांमध्ये सल्ला मागणारा असे, सल्ला देणारा असे; ज्यांच्याविषयी निर्णय व्हायचा त्यांतले बरेचजण कधीच नसत. विधवेच्या दत्तकाचा प्रश्न निघे, विधवा तिथे नसे. शूद्रांचे आचार आणि अधिकार यांवर याच घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ‘शूद्रकमलाकर’ नावानं तो ओळखला जातो. ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांना विचारून लिहिला असं कोणी म्हणणार नाही. हुशारी, मेहनत, नि:पक्षपातीपणा हे सगळं मान्य करूनही ही बाजू झाकता येत नाही. सातशे कोसांवरच्या कोणाच्या तरी घरात आपल्या एका ओळीनं काय होईल, हे काशीत बसून दिसत नव्हतं.

पोटापाण्याचं बघायचं तर निव्वळ व्यवस्थापत्रांवर घर चालवणं कठीण होतं. मोठा आधार असे तो एखाद्या राजाचा किंवा ठाकुराचा. या घराण्यांची गिऱ्हाइकं नकाशावर मांडली तर आपण थक्क होतो. नारायणभट्टांचे नातू नीलकंठभट्ट. त्यांनी ‘भगवंतभास्कर’ नावाचा बारा भागांचा ग्रंथ लिहिला. भास्कर म्हणजे सूर्य, म्हणून भागांना मयूख, किरण. तो कोणासाठी? यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळच्या भरेह इथल्या भगवंतदेव नावाच्या सेंगर राजपूत ठाकुरासाठी. ठाकूर मोठा सम्राट नव्हता. पण ग्रंथाला त्याचं नाव मिळालं आणि नीलकंठांना निवांतपणा मिळाला. व्यवहार बरोबरीचा झाला म्हणायचा. दुसरे अनंतदेव. हे घराणंही पैठणचं, संत एकनाथांच्या वंशातलं सांगतात. त्यांचा आश्रयदाता होता कुमाऊँचा राजा बाजबहादूर चंद. गोदावरीकाठचं घराणं आणि हिमालयातला राजा! पुढच्या काळातले नागोजीभट्ट, आडनाव काळे, व्याकरणातले मोठे अधिकारी. त्यांना अलाहाबादजवळच्या शृंगवेरपूरच्या राजाचा आश्रय होता. त्यांच्याबद्दल अशी परंपरा आहे की जयपूरच्या सवाई जयसिंहानं अश्वमेधाला बोलावलं तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार कळवला. त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे काशीची हद्द ओलांडायची नाही असं व्रत. काशीतून पाऊल बाहेर न टाकता त्यांचे ग्रंथ देशभर शिकवले गेले. घरून काम करण्याची याहून कडक शिस्त आपल्याला सापडणार नाही.

आश्रयदाता हिंदूच असे असंही नाही. कवींद्राचार्य सरस्वती हे गोदातीरावरून काशीत गेलेले संन्यासी. काशी आणि प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर शाहजहाननं उठवला, तो त्यांच्या रदबदलीमुळे. देशभरातल्या पंडितांनी त्यांच्या स्तुतीपर संस्कृत रचना लिहिल्या आणि त्यांचा संग्रहच झाला, ‘कवींद्रचंद्रोदय’ नावाचा. शाहजहाननं त्यांना सालाना दोन हजार रुपये बांधून दिले होते. औरंगजेब तख्तावर आला आणि ते बंद झाले. फ्रेंच प्रवासी बर्निए ज्या काशीच्या पंडिताची हकिगत सांगतो, ते कवींद्राचार्यच असं अभ्यासक मानतात. बर्निए सांगतो की तनखा बंद झाल्यावर हा पंडित दानिशमंद खान या विद्याप्रेमी अमिराकडे येऊ-जाऊ लागला. मोठं गिऱ्हाईक तुटलं की दुसरं बघावं लागतं, एवढंच. संन्याशालाही ते चुकलं नाही.

आता गागाभट्टांकडे येऊ. खरं नाव विश्वेश्वर, वडील दिनकरभट्ट, कमलाकरभट्ट हे काका. म्हणजे नारायणभट्टांचे पणतू. रायगडच्या आधीही त्यांचा मराठी मुलखाशी कामाचा संबंध होता. १६६४ साली राजापूरला शेणवी ज्ञातीच्या अधिकारांबद्दल झालेल्या निर्णयाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. कायस्थांच्या धर्माबद्दलही त्यांनी लिहिलं. म्हणजे महाराजांनी १६७४ साली कोणी अनोळखी माणूस बोलावला नव्हता. या मुलखातले गुंते सोडवण्याचा ज्याला अनुभव आहे आणि ज्याच्या सहीला सगळीकडे मान आहे, असा सल्लागार त्यांनी निवडला.

कामही साधं नव्हतं. चौव्वेचाळीस वर्षांचा राजा, मुंज झालेली नाही, क्षत्रियत्वावर इथलेच काही ब्राह्मण शंका घेतायत. राज्याभिषेकाचा विधी कित्येक पिढ्यांत कोणी या भागात पाहिलेला नाही. गागाभट्टांनी उदयपूरच्या सिसोदियांशी जोडलेली वंशपरंपरा मान्य केली, आधी मुंज केली आणि राज्याभिषेकाची प्रयोगपोथी रचली. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ या दिवशी राज्याभिषेक झाला. इथल्या एखाद्या शास्त्र्यानं हेच सगळं सांगितलं असतं तर? वचनं तीच, पोथ्या त्याच. पण ‘हा महाराजांच्या पदरचा माणूस’ म्हणून त्याचं बोलणं बाजूला टाकता आलं असतं. गागाभट्टांचं बोलणं तसं टाकणं अवघड होतं. आणि विश्वेश्वराचं ते देऊळ, ज्याच्या मंडपात काशीच्या सभा भरत, ते औरंगजेबाच्या हुकमानं १६६९ साली पाडलं गेलं होतं. पाच वर्षांनी त्याच काशीचा पंडित औरंगजेबाच्या शत्रूला राजा म्हणून अभिषेक करत होता. हा योग रायगडावर जमलेल्यांच्या लक्षात आला नसेल, असं आपल्याला वाटत नाही.

पुढे काय झालं ते शाळेत फारसं सांगत नाहीत. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाई गेल्या. निश्चलपुरी नावाचे एक तांत्रिक गोसावी होते. त्यांचं म्हणणं पडलं की गागाभट्टांचा विधी अपुरा होता. वैदिक भाग केला, पण या गडाच्या, या कोकणाच्या देवतांना विचारलंच नाही. ‘शिवराज्याभिषेककल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात हे आक्षेप नोंदलेले आहेत. महाराजांनी २४ सप्टेंबर १६७४ ला दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक करून घेतला. निश्चलपुरींच्या अपशकुनांच्या यादीवर आपला विश्वास असण्याची गरज नाही. पण टीकेचा रोख बघा. बाहेरचा मोठा तज्ज्ञ आला, त्यानं सगळ्या देशाला चालेल असं काम केलं, आणि घरची शिरकाई राहून गेली. बाहेरून सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागतं, आणि बरेचदा त्यात तथ्य असतं. महाराजांनी मात्र दोघांपैकी एकाला खोटं पाडलं नाही. देशभर मान्य होणारा अभिषेक एकाकडून घेतला, मुलखाला पटणारा दुसऱ्याकडून.

गागाभट्टांच्या आधीच्या पिढीत या पेशात एक बदल सुरू झाला होता, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं तो राज्याभिषेकापेक्षाही मोठा आहे. कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. तिथी, व्रतं, श्राद्ध, संस्कार यांवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं आधारासकट एका ठिकाणी. ज्याच्याकडे ही पोथी आहे त्याला एकादशीसाठी काशीला कागद पाठवायची गरज उरली नाही. चुलतभाऊ नीलकंठांचे मयूख हेही त्याच जातीचं काम. दोघे एकाच नगरात, एकाच घराण्यात, आणि कितीतरी ठिकाणी दोघांची मतं जुळत नाहीत. पुढे १७९० च्या सुमाराला पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी, बाबा पाध्ये म्हणून जे प्रसिद्ध आहेत, निर्णयसिंधूच्या आधारानं ‘धर्मसिंधु’ रचला, मीमांसेत न शिरणाऱ्या साध्या माणसासाठी. आजही आपल्याकडे घरच्या गुरुजींशी तिथीवरून वाद झाला की ते ‘धर्मसिंधूत असं आहे’ म्हणतात. सल्ल्याची पोथी झाली, पोथीची सोपी पोथी झाली, आणि मूळ सल्लागाराशिवाय तिचं चालायला लागलं. पुण्यातही पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेनं शास्त्र्यांचा मोठा मेळा जमायला लागला होता. काशीत बाळंभट्ट पायगुंड्यांकडे शिकून आलेले रामशास्त्री प्रभुणे इथेच न्यायाधीश झाले. शिक्षण काशीचं, काम पुण्यात.

मग कंपनीचं राज्य आलं. हिंदूंच्या वारसा, लग्न, दत्तक अशा बाबतींत शास्त्रानं न्याय करायचा, असं वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेत ठरलं. इंग्रज न्यायाधीशाला संस्कृत येत नव्हतं, म्हणून कोर्टात पगारी पंडित नेमले. मुंबई इलाख्यातही जिल्ह्याच्या कोर्टांत शास्त्री होते. न्यायाधीश प्रश्न लिहून देई, शास्त्री व्यवस्था देई. तीच जुनी रीत, फक्त आता गिऱ्हाईक एकच होतं आणि त्याच्याकडे महिन्याचा पगार होता. पेशाची नोकरी झाली. वरून साहेबाला शास्त्र्यांवर भरवसा नव्हता. दोन शास्त्री दोन उत्तरं देतात याचा त्याला राग येई. पैसे खाऊन देतात असाही संशय होता. मतभेद हा या शास्त्राचा स्वभावच होता, हे कमलाकर आणि नीलकंठ या चुलतभावांकडे बघूनही कळलं असतं. पण कोर्टाला एक उत्तर हवं होतं. १८६४ साली कोर्टातल्या पंडितांची पदंच रद्द झाली. मुंबई इलाख्यातल्या शास्त्र्यांनी दिलेली उत्तरं वेस्ट आणि ब्यूलर या दोघांनी निवडून, टिपा लावून १८६७ पासून छापली. ती आज चाळली की प्रश्नांत माणसं दिसतात: भावांत वाटणी न होता एक भाऊ गेला, त्याची बायको काय मागू शकते, सासू आणि सून दोघीही विधवा, घर कोणाचं.

पंडित गेले आणि ग्रंथ राहिले. त्यांतला एक आपण मघाशी बघितला. भरेहच्या ठाकुरासाठी लिहिलेल्या बारा किरणांपैकी एक, ‘व्यवहारमयूख’. बोरॅडेलनं १८२७ साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली नवं केलं. मुंबईच्या हायकोर्टानं मिताक्षरेला पहिला मान दिला, पण गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे दोन्हींत फरक पडला तर नीलकंठांचं मत चालेल असं धरलं. मुंबईतच वकिली करणाऱ्या पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ साली या ग्रंथाची संशोधित आवृत्ती काढली. तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी असं त्यांच्या मनात होतं. ती प्रस्तावना वाढत वाढत पाच खंडांची झाली आणि १९६२ साली संपली.

नीलकंठांच्या त्या ग्रंथात वारसांच्या क्रमात एक छोटी जागा आहे. मूलबाळ, बायको, आईवडील, भाऊ कोणी नसलेला माणूस मेला तर त्याच्या मालमत्तेचा वारस कोण? पुढच्या क्रमात नीलकंठ आजीच्या पाठोपाठ बहिणीला आणून बसवतात. त्यांचं म्हणणं असं की ती भावाच्याच गोत्रात जन्मली, तेव्हा तीही गोत्रजच. लग्न होऊन ती दुसऱ्या गोत्रात गेली याची आठवण बाकीचे शास्त्रकार लगेच करून देत. नीलकंठ जन्माकडे बघतात. चंबळेच्या ठाकुराला हे किती उपयोगी पडलं असेल, देव जाणे. पण एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातली बहीण निपुत्रिक भावाच्या घरावर हक्क सांगायला कोर्टात गेली, तेव्हा तिच्या वकिलानं ही ओळ काढून न्यायाधीशापुढे ठेवली आणि ती मानली गेली. मिताक्षरा चालणाऱ्या इतर प्रांतांत, खुद्द नीलकंठांच्या काशीतसुद्धा, बहिणीला वारसांच्या रांगेत अशी वरची जागा मिळाली ती १९२९ च्या कायद्यानं.